पायरीवर ठेवलेल्या चपला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्यासोबत पंधरा वर्षं अंधेरीच्या एकाच टपरीवर चहा पितोय त्या मित्रालाही नाही. तसा मी गप्प बसणारा माणूस नव्हे. माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर करतो. चुकीच्या हॉलमध्ये शिरून परक्या साखरपुड्यात जेवलो, वर नवरदेवाला मिठी मारून फोटो काढून आलो — ते मीच सांगतो. निर्मात्याच्या ड्रायव्हरला निर्माता समजून पाऊण तास गोष्ट ऐकवली — त्याला आवडली होती, एवढंच काय ते समाधान. लोक हसतात, मीही हसतो. अशा बारक्या चुका मोठ्या आवाजात कबूल करत राहिलं की एक सोय होते — या माणसाच्या पोटात काही राहत नाही, असं सगळ्यांना वाटायला लागतं.

राहतं. एक राहिलंय.

मी थ्रिलर लिहितो. म्हणजे मालिका, वेबसिरीज, मिळेल ते. आणि थ्रिलर लिहिणाऱ्याची खरी अडचण खून ही नसते, खून सोपा असतो. अडचण असते प्रेक्षकाचा प्रश्न — ही बाई पोलिसांना फोन का करत नाही? बॅटरी संपली. बरं, मग दार उघडून पळत का नाही? इथे आम्ही अडकतो. म्हणून कुणीतरी कधीतरी अगोराफोबिया शोधून काढला — आजार म्हणून नव्हे, कुलूप म्हणून. घराबाहेर पडायचीच भीती असलेली बाई. झालं, दार बंद. आता खिडकीतून तिला समोरच्या घरातला खून दाखवा, कुणीही तिच्यावर विश्वास ठेवू नका, आणि दीड तासाने खुन्याला तिच्या स्वयंपाकघरात आणून सोडा.

हे सगळं मला पाठ होतं. आणि हा आजार असलेली एक बाई मला लहानपणापासून ठाऊक होती. तिचं नाव बेबीताई.

बेबीताई माझी आतेबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मला शाळेसाठी गावाहून मुंबईला धाडलं ते आत्याकडे, घाटकोपरला. एक खोली, आत्या, बेबीताई आणि मी. आत्याचे यजमान लवकर गेलेले. आत्या दिवसभर शिवणावर असायची, त्यामुळे मला शाळेत सोडायचं काम बेबीताईचं. भर ट्रॅफिकमध्ये हात वर करून बस थांबवायची ती. ड्रायव्हर शिव्या घालायचे, ही उलट घालायची. ही मुलगी पुढे दाराला घाबरेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो.

लग्न होऊन ती नाहूरला गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक दिवस भाजी घेताना तिची छाती इतकी धडधडली की आपण मरतोय असं तिला वाटलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. मग पुन्हा तसं झालं, स्टेशनच्या पुलावर. मग बँकेत. जिथे जिथे झालं तिथे जाणं तिने बंद केलं. आधी पूल गेला, मग बाजार, मग गल्ली, मग सोसायटीचं गेट. शेवटी जिनाच गेला. सहा वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. दरम्यान आत्या पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि कायमची अंथरुणाला खिळली. घाटकोपर ते नाहूर — अंतर ते काय? पण मायलेकींची भेट फक्त मोबाईलवर. आत्याला नाहूरला का नाही आणलं, असं विचाराल. तीन मजले उचलून चढवायला लागलं असतं, आणि आत्याचा हट्ट — जावयाच्या घरात पडून राहायचं नाही. तिच्या दिमतीला एक बाई ठेवली होती. आठवड्यातून एकदा मेट्रो पकडून मी जायचो. आत्या दर वेळी एकच विचारायची, मालवणीत.

"बेबी कधी येतली रे?"

"येईल गं. तयारी चाललीय तिची."

हे खोटं नव्हतं. तयारी चाललीच होती.

मी ही नवी सिरीज लिहायला घेतली तेव्हा बेबीताईकडे गेलो. म्हटलं, तुझ्यासारख्या बाईची गोष्ट लिहितोय, मला नीट समजावून सांग. तिला कोण आनंद झाला. ती जमिनीवर पेपर पसरून लसूण सोलत बसली होती.

"मग खरं लिही हां नंदू. मी बघितलेत सगळे पिक्चर. काय दाखवतात रे ते? अंधारात बसलेली, केस मोकळे, हातात वाइनचा ग्लास. बघ माझ्याकडे. गाऊन, आणि लसूण. आणि शेवटी काय, तर खुनी मागे लागला की धावत सुटते बाहेर. झाली बरी. मी आमच्या मॅडमना सांगणारेय, एक खुनी पाठवा, चौदा महिने वाचतील."

मॅडम म्हणजे तिच्या समुपदेशक. मुलुंडच्या, व्हिडिओ कॉलवर भेटायच्या. त्यांनी तिला पायरी पायरीने बाहेर पडायचा चौदा महिन्यांचा सराव दिला होता. पण सरावाची रीत तिची स्वतःची. सकाळी कामावर निघताना भावोजी तिच्या चपला बरोबर नेत आणि ठरलेल्या पायरीवर ठेवून पुढे जात. पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर. मग पहिल्या पायरीवर. आठवडाभर एकाच पायरीवर, कधी दोन आठवडे. दुपारी बिल्डिंग शांत झाली की ती अनवाणी चपलांपर्यंत उतरायची, त्या पायात घालायची, तिथे थोडी उभी राहायची आणि परत वर यायची.

"आधी माझी चप्पल जाते, मग मी," ती म्हणाली. "आपलं काहीतरी तिथे आधीच आहे असं वाटतं ना, मग जाता येतं."

मी लिहून घेतलं.

"आणि एक सांगू? लोकांना वाटतं मला बाहेरची भीती आहे. बाहेर काय आहे रे, भाजीवाले नि रिक्षा. मला माझीच भीती वाटते बाहेर. मध्येच मला काही झालं आणि परत येता आलं नाही तर?"

तेही लिहून घेतलं. तेव्हा ती पहिल्या मजल्यापर्यंत पोचली होती. दसऱ्याला आईच्या हातात स्वतः सोनं द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. कंपाउंडमध्ये रिक्षा उभी राहील, एका बाजूला भावोजी, एका बाजूला मी. आपट्याची पानं आणायची जबाबदारी माझी. आत्यालाही सांगून झालं होतं. ती दिमतीच्या बाईकडून रोज वार विचारून घ्यायला लागली होती.

मी खरं लिहिलं. हे मला सांगू द्या — सुटका म्हणून नाही, उलट याच्याने गोष्ट आणखी वाईट होते म्हणून. पहिल्या खर्ड्यात ती बाई लसूण सोलणारी होती, हसणारी होती. तिला खिडकीतून खून दिसतो आणि साक्ष द्यायला ती एकेक पायरी उतरते. खुनी पकडला जातो की नाही यापेक्षा ती गेटपर्यंत पोचते की नाही, यातच सगळा श्वास अडकलेला. माझ्या हातून कधी नव्हे ते चांगलं काहीतरी उतरलं होतं.

मग नॅरेशन झालं. आमच्या धंद्यात लिहिलेलं कुणी वाचत नाही, लेखकाने समोर बसून सांगायचं असतं, जमलं तर करून दाखवायचं. अंधेरीचं ते ऑफिस, एसी असा की दात वाजतील, समोर सहा माणसं, सहाही मोबाईलमध्ये. चौथ्या एपिसोडपर्यंत एकानेही मान वर केली नाही. मग निर्माते म्हणाले, "अच्छा है यार. लेकिन ट्विस्ट?"

त्यांनी घड्याळ बघितलं.

कुणी माझ्या डोक्याला बंदूक लावली नव्हती. मी म्हणू शकलो असतो — ट्विस्ट नाही, हीच गोष्ट आहे. फार तर काय झालं असतं, चहा पिऊन बाहेर आलो असतो. अशा शंभर ऑफिसांतून मी चहा पिऊन बाहेर आलोय. पण ते घड्याळ बघताना मी त्यांना बघितलं आणि माझ्या तोंडून आलं — "सर, वो बाहर जाती है."

सहाही माणसांनी मान वर केली.

मग मला थांबवणार कोण? मी उठलो. पायातले सॅंडल काढले. एका मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर — त्यावरही कुणी हसलं नाही, इतके ते गुंग झाले होते. गालिच्यावर दूर सॅंडल ठेवले आणि मी बेबीताई झालो. तिची ती आधी टाच टेकवायची पद्धत, गाऊन मुठीत धरणं, मधेच थांबून ओठ ओले करणं — सगळं. तिने दाखवलं होतं ना मला, विश्वासाने. मी सांगितलं, सगळ्या बिल्डिंगला वाटतं ही कधीच बाहेर पडत नाही, म्हणून तिच्यावर कुणाचा संशयच नाही. पण इन्स्पेक्टरला जिन्यात तिच्या चपला दिसतात. तळाला माती. आजारबिजार काही नाही, सगळं नाटक. खून तिनेच केलेत.

टाळ्या वाजल्या. निर्मात्यांनी मला मिठी मारली. "रोंगटे खड़े कर दिए." आणि खोटं कशाला बोलू — मला झकास वाटलं. इतकं झकास मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सिरीज विसर्जनानंतरच्या आठवड्यात आली. गाजली. शेवटच्या एपिसोडची ती फ्रेम — पायरीवर दोन चपला, त्यांना चिकटलेली माती — सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होती. लोक मला ट्विस्टवाला म्हणायला लागले. मी चार दिवस बेबीताईला फोन केला नाही. पाचव्या दिवशी तिचाच आला.

"नंदू, बघितली रे. एका दुपारीत सहाही भाग. ती चप्पल... ते माझं आहे का रे?"

हे ते वाक्य, ज्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतोय. तिने सरळ विचारलं होतं. हो म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"छे गं," मी म्हणालो. "ते डायरेक्टरने घातलं. त्याने कुठल्यातरी डॉक्टरला विचारलं होतं. असं खूप जण करतात म्हणे, चपला आधी ठेवायचं."

"खूप जण करतात?"

"हो ना."

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच हलका झाला. "मला वाटायचं, मी एकटीच असली येडी."

हे तिला बरं वाटलं. लक्षात येतंय का तुमच्या? मी एक खोटं मारून स्वतःला सोडवलं, आणि तिने त्यातून स्वतःसाठी सोबत काढली. जगात नसलेली माणसं. ती अजूनही असतील तिच्या मनात, जिन्याजिन्यात चपला ठेवणारी.

नाहूरच्या त्या बिल्डिंगमध्येही लोकांकडे मोबाईल होते. तळमजल्याच्या पायऱ्यांवर — हो, तोवर ती तिथवर उतरली होती, गेट वीस पावलांवर — भावोजींनी ठेवलेल्या चपलांचा कुणीतरी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'भाग सहावा'. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. खालच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम वर आल्या, "खरं सांग हां बेबी, आमच्या डोळ्यांत धूळ टाकून कुठे कुठे फिरून येतेस?" बेबीताईही हसली म्हणे. मग एका दुपारी ती अनवाणी खाली उतरली तर चपला जागेवर नव्हत्या. पोरांनी की मोठ्यांनी ते कळलं नाही, पण कुणीतरी त्या मीटरबॉक्सच्या मागे लपवल्या होत्या. गंमत म्हणून. ती शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि तिची छाती धडधडायला लागली. तीन मजले ती कठड्याला धरून, बसत बसत चढली.

दुसऱ्या दिवशी तिने भावोजींना सांगितलं, चपला आतच राहू द्या.

हे सगळं मला भावोजींनी फोनवर सांगितलं. ते मोजकं बोलणारे. शेवटी एवढंच म्हणाले, "तू एकदा येऊन लोकांना समजावून सांग ना. तुझीच सिरीज आहे, तुझं ऐकतील." मी म्हटलं, येतो. येतोच. या रविवारी नक्की. त्या रविवारी मला अंधेरीत एका ठिकाणी बोलावलं होतं — ट्विस्ट कसा लिहावा यावर नव्या मुलांशी बोलायला. मी गेलो. खूप हशा मिळवला. मोज्याच्या भोकाचा किस्सा सांगितला, चपला कुणाच्या ते वगळून.

दसऱ्याला मी एकटाच आपट्याची पानं घेऊन घाटकोपरला गेलो. आत्याला नवी साडी नेसवून उशीला टेकवून बसवलं होतं. तिने माझ्या मागे दाराकडे बघितलं. बघतच राहिली. मी म्हटलं, बेबीताईला जरा ताप आहे. आत्याने पानं घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे. दिवाळीत येतली."

दिवाळीनंतर आठ दिवसांनी आत्या गेली. झोपेत.

आता दुसरं सांगतो. पहिल्यात मी खोटं बोललो होतो, हे त्याहून वाईट, कारण यात मला तोंडही फारसं उघडायला लागलं नाही. आत्याला मुलगा नाही, अग्नी मीच दिला. बेबीताईने नाहूरहून मोबाईलवर बघितलं — भावोजींनी फोन धरला होता, त्यांचा हात दुखत होता पण त्यांनी तो खाली घेतला नाही. नंतर आम्ही बाहेर बाकांवर बसलो होतो. मुलुंडचे काका, आत्याचे चुलतदीर, मोठ्याने बोलायला लागले.

"सख्खी आई गेली तरी उतरली नाही. मनात आणलं असतं तर आली असती. ते सिरीजमध्ये दाखवलं ना, तसलाच प्रकार हा. लाड आहेत सगळे."

भावोजी दहा फुटांवर, पाण्याची बाटली घेऊन उभे. मग काका माझ्याकडे वळले. "काय रे नंदू? तू अभ्यास केलायस ना यावर? खरं असतं का काही त्यात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नॅरेशनला बघत होते तसेच. मला सगळं येत होतं. ती पहिल्या पायरीवर दोन आठवडे कशी अडकली होती ते येत होतं. गेट वीस पावलांवर राहिलं होतं ते येत होतं. ती सिरीज कुणाच्या तोंडून निघाली होती, तेही येत होतं. त्या वेळी ते बोललो असतो तर — आत्या परत आली नसती, पण भावोजींनी ऐकलं असतं. घरी जाऊन तिला सांगितलं असतं. तिला कळलं असतं की ती उतरली होती, खरंच उतरली होती, आणि ते कुणीतरी चार लोकांत सांगितलं.

मी म्हणालो, "असतं काका कधी कधी. सांगता येत नाही."

सांगता येत नाही. सांगण्यावरच पोट भरणारा माणूस मी.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं की नाही, मला ठाऊक नाही. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो होतो.

तेराव्यानंतर नाहूरला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो — आज सांगायचं, चपलांचं, काकांचं, सगळं. तीन मजले चढताना वाक्यंही जुळवली. बेबीताईने दार उघडलं. बारीक झाली होती. चहा टाकला, पोहे केले, माझ्यासमोर बसली. मोबाईलवर नीट दिसलं नव्हतं, म्हणून आत्याला शेवटी कोणती साडी नेसवली ते विचारलं. हिरवी, म्हटलं. चेहरा कसा होता? शांत होता गं. माझी आठवण काढली होती का? — दसऱ्याला तू येशील म्हणून वाट बघत होती, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, रोजच काढायची.

मग तिने माझा हात धरला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली.

"नंदू, माझं चुकलं रे. एवढी मी तिची मुलगी, आणि सगळं तुझ्या एकट्यावर टाकलं. तूच तिचं सगळं केलंस. मला माफ कर."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती उत्तराची वाट बघत होती. समोर पोहे निवत होते. जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती.

"असू दे गं ताई," मी म्हणालो. "मनाला नको लावून घेऊस."

आणि मी तिला माफ केलं.